सात सह्या आणि एक अधिवेशन: कामगारांची एकजूट चालते कशी

आमच्या वाड्यावरचा एक मुलगा गोव्यातल्या डिचोलीहून रोज वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. काळोखातच घर सोडतो आणि कंपनीची बस धरतो. कारखाना मोठा आहे, पण याचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या रविवारी तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. कामगारांच्या एका राष्ट्रीय अधिवेशनाची बातमी त्याने वाचली होती. त्यात मंजूर झालेले ठराव होते आणि देशव्यापी संपाची हाक होती. त्याने विचारलं, "मावशी, तिकडे ठराव झाला म्हणून माझ्या पगाराच्या स्लिपवर काय फरक पडतो?"

मी बँकेतून निवृत्त झाले. नोकरीची सगळी वर्षं युनियनची वर्गणी भरली आणि एकदा प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय अधिवेशनालाही गेले. तरी उत्तर द्यायला मला अख्खी दुपार लागली. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी युनियन म्हणजे काय ते पाहू. एकटा कामगार मालकाकडे पगारवाढ मागतो तेव्हा मालकाजवळ एक सोपं उत्तर असतं: परवडत नसेल तर जा. शंभर जण एकत्र मागतात तेव्हा तेच उत्तर देणं महाग पडतं. पण हे एकत्र मागणं भारतात एके काळी कायद्याच्या कचाट्यात सापडत असे. मद्रासमध्ये १९१८ साली मद्रास लेबर युनियन उभी राहिली. तिथल्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या व्यवस्थापनाने युनियनच्या नेत्यांना कोर्टात खेचलं. कामगारांना काम थांबवायला सांगणं म्हणजे मालकाचं नुकसान करण्याचा कट, असा तो दावा होता, आणि कोर्टाने नेत्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला. त्यानंतर ना. म. जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात युनियनला संरक्षण देणाऱ्या कायद्यासाठी ठराव मांडला. हा माणूस आपल्या कोकणातला, तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गोरेगावचा. पाच वर्षांनी, १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. त्याचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: नोंदणी झालेल्या युनियनने कामगारांच्या हितासाठी कायदेशीर मार्गाने एकत्र येणं हा कट समजायचा नाही.

नोंदणीसाठी किमान सात जण लागतात. २००१ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली: त्या आस्थापनेतल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तितके सदस्य हवेत, आणि काही झालं तरी सातांपेक्षा कमी चालणार नाहीत. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हाच हिशेब कायम आहे. सात हा आकडा लक्षात असू द्या.

आता पुढचा प्रश्न. आपल्या गेटवर आपली युनियन असली की पुरे, मग देशभरच्या संघटनेचं लोढणं कशाला?

याचं उत्तर वास्कोत मिळतं. समजा, वास्कोच्या मुरगाव बंदरातल्या कामगारांनी पगारासाठी एकट्यानेच काम बंद केलं. जहाज काही दिवस समुद्रात नांगर टाकून थांबेल, नाहीतर मंगळूरकडे वळेल. माल तिथे उतरेल, धंदा तिकडे जाईल आणि वास्कोचा कामगार आपल्याच बंदराचं नुकसान करून बसेल. मंगळूरच्या कामगाराने संप केला तर तेच जहाज वास्कोला येईल. दोघांची इच्छा असो वा नसो, एकाच्या संपावर दुसऱ्याचा ओव्हरटाइम उभा राहतो. म्हणून देशातल्या मोठ्या बंदरांचे कामगार वेतनाची बोलणी बंदरागणिक करत नाहीत. वेगवेगळ्या झेंड्यांचे महासंघ एका बाजूला बसतात, समोर सगळ्या बंदरांचं व्यवस्थापन बसतं आणि करार एकच होतो. २०२४ साली बोलणी फारच रेंगाळली तेव्हा या महासंघांनी २८ ऑगस्टपासून सगळ्या बंदरांत बेमुदत संप पुकारला. आदल्याच दिवशी समझोता झाला, साडेआठ टक्के वाढ ठरली आणि संप मागे घेतला गेला. एकाही बंदरात काम थांबलं नाही. सगळीकडे एकाच दिवशी थांबेल, याची खात्री समोरच्याला पटली होती.

माझा अनुभव बँकेचा. गोव्यातल्या साखळी गावच्या शाखेतल्या क्लार्कला आणि गुवाहाटीच्या शाखेतल्या क्लार्कला मूळ वेतन सारखंच मिळतं, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की त्यामागे कुणी भांडलं असेल, हे नव्या मुलांच्या डोक्यातही येत नसे. बँकांचं व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यातला पहिला देशव्यापी द्विपक्षीय करार १९६६ साली झाला. बारावा ८ मार्च २०२४ रोजी झाला. त्यात सतरा टक्के वाढ आहे आणि आठ लाखांहून जास्त बँक कर्मचारी-अधिकारी त्याच्या कक्षेत येतात. माझ्या शाखेत आम्ही मोजकीच माणसं होतो. आमच्या संपाने कुणाचं काय अडलं असतं?

म्हणजे एकजूट ही आधी हिशेबाची गोष्ट आहे. माझ्या जागी उभं करायला मालकाला दुसरा माणूस जिथून मिळू शकतो, तिथवर माझी संघटना पोचलेली असली पाहिजे. माया, आपुलकी, घोषणा हे सगळं हवंच, पण त्याच्या तळाशी हा हिशेब असतो.

भारतात हा हिशेब देशपातळीवर पहिल्यांदा मांडला गेला तो मुंबईत, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी. त्या दिवशी ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचं, म्हणजे आयटकचं, पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष लाला लजपत राय होते. तात्कालिक कारणही समजून घेण्यासारखं आहे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली होती. तिच्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी बसत. भारताच्या कामगारांतर्फे कोण बसणार? सरकारने परस्पर नेमलेला माणूस की कामगारांनी निवडलेला? निवडायचा तर निवडणारी देशव्यापी संघटना हवी. त्यातून विखुरलेल्या युनियन एका छपराखाली आल्या.

त्या काळी मुंबईत धोबी तलावाच्या कुडांतून, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, राहणारा गोमंतकीय खलाशी हे सगळं डोळ्यांनी पाहू शकत होता. गावी परतला की मात्र तोंड बंद. सालाझारच्या राजवटीने १९३३ पासून पोर्तुगालमध्ये संपावर बंदी घातली होती आणि गोव्यात तर साधी सभा घ्यायलाही मुभा नव्हती. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी मोडली ती हीच सभाबंदी. त्यामुळे मुंबईच्या गिरणगावात दोन-तीन पिढ्या युनियनमध्ये वाढल्या, तशा आपल्याकडे वाढल्या नाहीत. खाणीवरच्या, बार्जवरच्या आणि बंदरातल्या कामगारांना मोकळेपणाने संघटना करता आली ती गोवा मुक्त झाल्यावर, १९६१ नंतरच. गोव्यातल्या कामगार चळवळीची तुलना मुंबईशी करणाऱ्यांनी ही चाळीस वर्षं विसरू नयेत.

आयटक पुढे एकसंध राहिली नाही. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात मोठी फूट पडली, मग काही गट परत आले. १९४७ मध्ये इंटक, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ आणि १९७० मध्ये सीटू स्थापन झाली. प्रत्येकीची एखाद्या राजकीय विचाराशी किंवा पक्षाशी जवळीक आहे. त्याची किंमत कामगाराने मोजली, असं मला वाटतं. एकाच गेटवर तीन झेंडे लागले की मालकाचं काम सोपं होतं. मोठ्या मागण्यांसाठी दहा केंद्रीय संघटना बऱ्याच वर्षांपासून संयुक्त मंचावर येतात. ९ जुलै २०२५ चा देशव्यापी संप त्यांचाच. भारतीय मजदूर संघ त्या मंचावर नाही. आणि सरकारने २००२ ची सदस्यसंख्या तपासून जे आकडे जाहीर केले, त्यात हीच संघटना सर्वांत मोठी होती, बासष्ट लाखांवर. म्हणजे एकजुटीची चर्चा करताना हे अंतर डोळ्याआड करता येत नाही.

आता अधिवेशनाच्या मांडवात जाऊ. बाहेरच्या माणसाला तिथे भाषणं आणि हार-तुरे दिसतात, म्हणून त्याला वाटतं की चार दिवसांची जत्रा आहे.

समजा, असं अधिवेशन उद्या पणजीत भरायचं ठरलं. सहा महिने आधी स्वागत समिती बनेल. हंगामात हॉटेलांचे भाव गगनाला भिडतात, म्हणून मंगल कार्यालयं, शाळांचे हॉल, ओळखीच्या घरांच्या खोल्या शोधाव्या लागतील. पंजाबच्या माणसाला पोळी हवी, केरळच्या माणसाला आपली शीतकडी, म्हणजे भात-कालवण, चालेल. पण खरी तयारी याच्याही आधी, गावागावांत सुरू झालेली असते. प्रत्येक युनियनने आपली सदस्यसंख्या कळवायची आणि त्या प्रमाणात वरच्या संघटनेची वर्गणी भरायची. वर्गणीच्या प्रमाणात राज्याला प्रतिनिधींचा कोटा मिळतो. कोट्याचा नियम ज्या त्या संघटनेच्या घटनेप्रमाणे वेगळा असतो, पण तत्त्व हेच. वर्गणी भरली नाही तर प्रतिनिधी नाही, आणि प्रतिनिधी नाही तर मत नाही. चार रुपयांच्या पावतीवरून आमच्या शाखेत मी वाद ऐकलेले आहेत. तेव्हा ते क्षुद्र वाटायचे. अधिवेशनाला गेल्यावर कळलं की त्या पावत्यांवरच आपलं मत मोजलं जातं.

पहिल्या दिवशी झेंडावंदन होतं आणि गेल्या काळात गेलेल्या सहकाऱ्यांना आदरांजली वाहतात. मग सरचिटणीसांचा अहवाल येतो. तो जाडजूड असतो आणि आधीच छापून वाटलेला असतो. मागच्या अधिवेशनापासून कुठे लढा झाला, कुठे हरलो, पैशांचा हिशेब काय, हे त्यात असतं. त्यावर दीड-दोन दिवस चर्चा चालते. प्रत्येक राज्याला वेळ वाटून दिलेला असतो. व्यासपीठावरून हिंदी आणि इंग्रजी, आणि खाली बाकांवर कुणीतरी हळू आवाजात तमिळमध्ये, बंगालीत, मल्याळममध्ये सांगत असतो. ती कुजबुज अजून माझ्या कानात आहे. त्या हॉलमध्ये सगळ्यात कष्टाचं काम तेच होतं.

नंतर लहान गट पडतात: कंत्राटी कामगार, महिला कामगार, पेन्शन, सुरक्षितता. ठरावांचा मसुदा या गटांत फिरतो आणि लोक चिठ्ठीवर दुरुस्ती लिहून देतात. मी महिलांच्या गटात बसले होते. मसुद्यात "रात्रपाळीत महिलांना सुरक्षित वाहतूक" असं लिहिलेलं होतं. एका बाईंनी उठून विचारलं, "सुरक्षित म्हणजे कुठपर्यंत? नाक्यापर्यंत की दारापर्यंत?" अर्धा तास वाद झाला आणि "घराच्या दारापर्यंत" हे शब्द आत गेले. बातमीत हे येत नाही. बातमीत येतं, "महिला सुरक्षेचा ठराव मंजूर". पण करार करायला बसलेल्या माणसाच्या हातात नंतर तेच दोन शब्द उपयोगी पडतात.

शेवटी पात्रता समिती सांगते की प्रतिनिधी किती आले, त्यात महिला किती, तरुण किती, सर्वांत वयस्क कोण. ही आकडेवारी मी नेहमी लक्ष देऊन वाचते, कारण संघटना म्हातारी होत चालली आहे का, ते तिथे उघड होतं. मग कार्यकारिणी निवडली जाते, खुलं अधिवेशन होतं, मोर्चा निघतो आणि माणसं गाड्या पकडतात.

इथे त्या मुलाचा प्रश्न परत येतो: ठरावाने पगार वाढतो का?

लगेच नाही. ठरावाला कायद्याचं बळ नसतं. त्याला चालत जावं लागतं, आणि ही वाट कधीकधी फार लांब असते. किमान वेतनाचंच उदाहरण घ्या. १९५७ साली पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. ही कामगार संघटनांची नव्हे, तर सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची परिषद. तिथे किमान वेतन मोजण्याचं सूत्र ठरलं. कमावत्या माणसाचं कुटुंब तीन माणसांच्या खाण्याएवढं धरायचं, प्रत्येकी २७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी एकूण वेतनाचा वीस टक्के भाग. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद अशा गोष्टींसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. संयुक्त मंच आज महिना २६,००० रुपये किमान वेतन मागतो. ही मागणी करताना कामगारांच्या हातात हेच जुनं सूत्र असतं. १९५७ मध्ये कुणीतरी कापडाचे वार मोजायला लावले, म्हणून आज आपल्याला खोलीचं भाडं मोजून मागता येतं. वेर्ण्याच्या आसपास एका खोलीत किती जण झोपतात ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या मोजण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

ही त्रिपक्षीय परिषद २०१५ नंतर भरलेलीच नाही. मला ही गोष्ट गंभीर वाटते. ठराव जिथे मांडायचे, ते टेबलच उचलून ठेवलं तर ठराव रस्त्यावर येणारच.

मधल्या काळात एकोणतीस केंद्रीय कायदे मोडून चार कामगार संहिता झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. कामगाराच्या बाजूच्या काही गोष्टी त्यांत आहेत. मुदतीच्या नोकरीवर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, नेमणूकपत्राची सक्ती, आणि अॅपवर काम करणाऱ्यांचा सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात पहिल्यांदा उल्लेख. पण संप आता कुठल्याही कारखान्यात आगाऊ नोटीस दिल्याशिवाय करता येत नाही आणि नोटीस दिल्यावरही निदान चौदा दिवस थांबावं लागतं. पूर्वी ही सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तोही संप समजला जातो. कामगार कमी करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागे, आता तीनशेपासून लागते. गोव्यातले कितीतरी कारखाने या तीनशेच्या आतले आहेत, हे कुठल्याही वसाहतीत फेरी मारली तरी दिसतं.

आणखी एक बदल नीट पाहिला पाहिजे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ज्या युनियनकडे हजेरीपटावरचे एक्कावन्न टक्के कामगार, तिच्याशीच मालकाने बोलायचं. कुणाकडेच तितके नसतील तर किमान वीस टक्केवाल्यांची मिळून वाटाघाट परिषद. हे ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण हजेरीपट कुणाचा? ज्याचं नाव ठेकेदाराच्या वहीत आहे, तो या मोजणीत कुठे बसतो? एकाच बेल्टवर दोघं शेजारी उभे, एक कायम आणि एक कंत्राटी. काम तेच, गणवेशाचा रंग वेगळा, कँटीनची वेळ वेगळी, पगारात जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या मते आजची मोठी फूट झेंड्याझेंड्यांतली नाही, ती या दोन गणवेशांमधली आहे. कायम कामगारांच्या युनियननेही ती बरीच वर्षं चालू दिली. आपला करार चांगला झाला की पुरे, असं आम्ही बँकवाल्यांनीसुद्धा केलं. शाखेतल्या कंत्राटी शिपायाचं नाव आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं. त्याची मला आज लाज वाटते.

गोव्यात या फुटीवर आणखी एक फूट चढते. कंत्राटी कामगारांत ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश, कर्नाटकातली माणसं पुष्कळ. त्यांना आपण "भायले", म्हणजे बाहेरचे, म्हणतो. आमचा मुलगाही म्हणाला, "मावशी, ते कमी पैशात येतात म्हणून आमचा भाव पडतो."

तो खोटं बोलत नव्हता. पण मी त्याला बंदराची गोष्ट पुन्हा सांगितली. वास्को आणि मंगळूर भांडत बसले तर जहाजवाला खूश. इथे दोन्ही बंदरं एकाच शेडमध्ये आहेत, इतकाच फरक. तो ओडिशाचा माणूस कमी पैशात येतो, कारण गावी त्याहून कमी मिळतात आणि इथे त्याच्या मागे कुणी नाही. त्याला हाकललं तर ठेकेदार दुसऱ्या राज्यातून दुसरा आणेल. त्याला युनियनमध्ये घेतलं तर मात्र त्याला स्वस्तात राबवता येणार नाही. कोविडच्या टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, थिवीच्या स्थानकावरून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा बोचकी डोक्यावर घेऊन रांगेत उभी असलेली ती माणसं आपण पाहिली. ती गेल्यावर कारखाने बंद पडायची वेळ आली. कोणाच्या हातांवर हे चाललं होतं, ते तेव्हा कळलं.

राष्ट्रीय संघटनेचा एक उपयोग इथे अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. गोव्यातल्या युनियनच्या माणसाला ओडिशातल्या आपल्याच संघटनेच्या माणसाला फोन करता येतो: अमक्या गावचा मुलगा इथे जखमी झाला आहे, घरच्यांना कळवा, कागद पाठवा. ही ओळख होते ती अधिवेशनात, जेवणाच्या रांगेत, एकमेकांचे बिल्ले वाचताना. मी परत आले तेव्हा माझ्या वहीत अकरा राज्यांतले फोन नंबर होते. ठरावांची प्रत मी कुठे ठेवली ते आठवत नाही, ती वही मात्र अजून कपाटात आहे.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने हिशेब मांडला. त्या कारखान्यात त्याच्या ठेकेदाराची सत्तर माणसं आहेत. सत्तरांचे दहा टक्के म्हणजे सात. डिचोली-सत्तरीकडची आपली पोरं पाच. त्याने बोटं मोजली आणि दोन बोटं उरली.

"ते दोघं चालतील," तो म्हणाला. "माझ्याच लाइनवर आहेत. कामाला चोख."

मी विचारलं, "त्यांची नावं काय?"

त्याला आठवेना. सुपरवायझर त्यांना "ओडिशा एक" आणि "ओडिशा दोन" म्हणतो, म्हणून सगळेच तसं म्हणतात. बुधवारी रात्री शिफ्ट सुटल्यावर त्याने मला मोबाइलवर दोन नावं लिहून पाठवली, आडनावांसकट. खाली एक ओळ होती: स्पेलिंग त्यांच्याकडूनच लिहून घेतलं.